एटीएममध्ये ‘थांबा, मी बघतो’ म्हणणारा कोण? पैसे काढताना ही काळजी घ्या

‘कॅन्सलचं बटण दोनदा दाबा, पिन चोरीला जाणार नाही’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. दावा खोटा आहे, रिझर्व्ह बँकेने असा सल्ला दिलेला नाही. मग खरा धोका कुठे आहे?

कार्डची अदलाबदल : पैसे निघत नाहीत म्हटल्यावर मागचा माणूस ‘थांबा, मी बघतो’ म्हणत कार्ड घेतो. पिन पाहतो आणि तसंच दिसणारं दुसरं कार्ड परत देतो. आपल्याला कळतं ते पैसे गेल्याचा मेसेज आल्यावरच. आईबाबांना हे आवर्जून सांगा. कार्ड कुणाच्याही हातात द्यायचं नाही आणि निघण्याआधी त्यावरचं नाव वाचायचं.

स्किमिंग : कार्डच्या खाचेवर बसवलेलं यंत्र काळ्या पट्टीवरची माहिती उतरवून घेतं, छुपा कॅमेरा पिन टिपतो. खाच सैल वाटली तर दुसरं एटीएम गाठा. पिन टाकताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाका.

पैसे गेलेच तर? लगेच कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं की, चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येणार नाही. पिन स्वतःच सांगितला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच, असंही त्यात होतं. म्हणून उशीर नको. बँकेचा हेल्पलाइन नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.