आजी-आजोबांचे जन्मगाव विचारणारी नोंदवही

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत निवडून आलेल्या प्रत्येकाला स्वतःचे, आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचेही जन्मस्थळ लिहून द्यावे लागते. परदेशी नागरिकत्व कधी होते का, असल्यास केव्हा सोडले, याचे कागद जोडावे लागतात, आणि हे सारे कुणालाही वाचता येते. ही नोंदवही डिसेंबर २०१७मध्ये खुली झाली. तिचे मूळ मात्र १८९८च्या एका दुरुस्तीत आहे.

राज्यघटनेच्या १८९१च्या मसुद्यात, स्वतःच्या कृतीने परक्या सत्तेची निष्ठा पत्करणारा अपात्र ठरत होता. १८९८मध्ये घटना परिषदेच्या मेलबर्न अधिवेशनात एडमंड बार्टन यांच्या मसुदा समितीने इतर ढीगभर दुरुस्त्यांबरोबर हे कलमही बदलले. आता परक्या सत्तेचा नागरिक असणे एवढेच पुरेसे ठरले, मग ते नागरिकत्व मागितलेले असो वा वडिलांकडून आपसूक आलेले. त्यावर चर्चाही झाली नाही. १९०१पासून हेच कलम ४४ लागू आहे. तेव्हा सारेच ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे कुणाला झळ लागली नाही. १९९९मध्ये ब्रिटिश नागरिकत्व असलेल्या निर्वाचित सिनेटर हेदर हिल यांच्या खटल्यात न्यायालयाने ब्रिटनलाही परकी सत्ता ठरवले, आणि कलमाला खरी धार आली.

१४ जुलै २०१७ला सिनेटर स्कॉट लडलम यांनी राजीनामा दिला. ते जन्मले न्यूझीलंडमध्ये आणि लहानपणीच तिथून आले होते. चार दिवसांनी कॅनडात जन्मलेल्या सिनेटर लॅरिसा वॉटर्स यांनीही राजीनामा दिला. २७ ऑक्टोबरला न्यायालयाने, त्याच्यापुढे आलेल्या अशा सात जणांपैकी पाच जणांना अपात्र ठरवले. त्यांत उपपंतप्रधान बार्नबी जॉइसही होते. त्यांचे वडील न्यूझीलंडचे. माहीत नव्हते, ही सबब चालली नाही. तेव्हा कुठे दोन्ही सभागृहांनी नोंदवहीचा ठराव केला.

तिचा उपयोग लगेच दिसला. सिनेटर केटी गॅलाघर यांच्या तारखा उघड झाल्या: ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा अर्ज एप्रिल २०१६चा, मतदान २ जुलैचे आणि ब्रिटनची नोंद ऑगस्टची. मे २०१८मध्ये न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवले. त्याच दिवशी अशाच अडचणीतल्या चार खासदारांनी राजीनामे जाहीर केले. जुलैतल्या पोटनिवडणुकांत चौघेही पुन्हा निवडून आले.

आपल्या राज्यघटनेचे अनुच्छेद १०२ याहून शहाणे आहे असे मला वाटते. ते परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याला अपात्र ठरवते, वडिलांच्या जन्मगावाची शिक्षा मुलाला देत नाही. पण स्वेच्छा कशाला म्हणायचे हा प्रश्न उरतोच. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये केलेल्या जन्मनोंदीवरून तो वाद होत आला आहे.

जाहीर करायला लावणे मात्र ऑस्ट्रेलियाकडून घेण्यासारखे आहे, आणि तेही मतदानाआधी. २०१९पासून तिथे उमेदवारी अर्जासोबतच पात्रतेची प्रश्नावली भरावी लागते. निवडणूक आयोग ती संकेतस्थळावर लावतो. उत्तरे खरी की खोटी हे तो तपासत नाही.