साळखात्यातली गंमत

आमच्या ऑफिसात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मजा असते. म्हणजे तशी मेल येते. दुपारी चारला सगळ्यांनी कँटीनमध्ये जमायचं, फुगे फोडायचे, अंताक्षरी खेळायची, फोटो काढायचे आणि पाचला परत आपापल्या खुर्चीत. गेल्या वर्षी या मजेच्या समितीत माझी वर्णी लागली. टीममध्ये खेळकरपणा कसा वाढवायचा, यावर प्रत्येकानं एक कल्पना घेऊन यायचं होतं. मला आधी आठवले ते माझे आजोबा.

आजोबा परळच्या एका गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे विणकामाच्या खात्यात. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांनी चाले. मिशीला पीळ भरल्याची खूण केली की जॉबर येतोय. पोटावर हात फिरवला की डबेवाला आला. प्रत्येकाला टोपणनाव होतं आणि प्रत्येक नावाला खूण होती. दसऱ्याला साचे पुसून झेंडूची तोरणं बांधायची, पूजा करायची आणि त्या दिवशी बायकापोरांना आत नेऊन 'हा माझा साचा' म्हणून दाखवायचं. गणपतीत चाळीत जाखडी रंगे, शनिवारी रात्री गावकरी मंडळाचं भजन. हे सांगताना आजोबांचे हात आपोआप त्या खुणा करू लागत.

ही गंमत कुठून आली हे समितीला सांगावं, म्हणून मी वाचायला बसलो. आणि पहिल्यांदा सापडली ती वेळ, किंवा खरं तर वेळेचा अभाव.

कावसजी दावर यांनी १८५४ साली गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला सूत निघू लागलं. तेव्हा कामाचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. नियमानं मिळणारी साप्ताहिक सुट्टी नव्हती. १८८४ साली जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचताना घशात आवंढा येतो: रविवारी पूर्ण सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायका बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे अर्ज केल्यापासून रविवार मिळेपर्यंत जवळजवळ सहा वर्षं लागली.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कामाचा दिवस उलट लांबला. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ चा कायदा लागला. आठवड्याला ४८ तास ठरले १९४६ च्या कायदादुरुस्तीनं. आजोबांची जाखडी आणि भजनं या मोकळ्या झालेल्या तासांत उगवली होती. मालकानं ती नेमून दिलेली नव्हती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ साली उभं राहिलं तेही याच वस्तीतल्या श्रोत्यांसमोर. १९५३ साली मुंबई राज्यानं कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि कुणी न नेलेला पगार या निधीत जमा करायचं त्यात ठरलं होतं. कामगाराच्या खिशातून कापलेल्या पैशातून कामगारासाठी केंद्रं आणि करमणूक! आजोबांना हे कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

इथवर माझं सादरीकरण छान जमत होतं. मग धोट्यापाशी अडलं.

साच्यातल्या धोट्याची कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेई. एकाच धोट्याला पाळीपाळीनं अनेकांची तोंडं लागत. म्हणून दलित कामगारांना साळखात्यात घेत नसत. त्यांना सूतकताईच्या खात्यात कमी पगाराची कामं मिळत. १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला: विणकाम खातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही?

मला आजोबांशी झालेलं एक बोलणं आठवलं. मी शाळेत असताना विचारलं होतं, "आजोबा, दसऱ्याला सगळे कामगार एकत्र पूजा करायचे?" ते म्हणाले, "सगळे म्हणजे आमच्या खात्यातले. बाकीचे आपापल्या खात्यात." मी पुढं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या वेळी नियम किती उरला होता, सवय किती, हे विचारायला आता ते नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात ते होते. परत साच्यावर उभे राहिले नाहीत. पण त्या खुणांच्या भाषेत कुणाचं टोपणनाव नव्हतंच, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

समितीच्या बैठकीत मी दोनच सूचना मांडल्या. एक, संध्याकाळी सहानंतर कुणालाही मीटिंगला बोलवायचं नाही. मोकळ्या वेळात लोक काय खेळायचं ते स्वतः ठरवतील. दोन, शुक्रवारी चारला सफाईच्या मावश्या आणि गेटवरचे काकाही कँटीनमध्ये पाहुणे म्हणून असावेत. ते कंत्राटदाराचे कामगार, आमच्या मेलच्या यादीत नसतात. फुटलेले फुगे गोळा करायला मात्र पाचनंतर मावश्याच येतात.

पहिल्या सूचनेवर "वरती विचारावं लागेल" असं उत्तर आलं. दुसरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, "पण त्यांना अवघडल्यासारखं नाही का होणार?"

पुढच्या शुक्रवारी मी मावश्यांना स्वतःच बोलवायला गेलो. तिघींपैकी एक आली, दाराशीच उभी राहिली. अंताक्षरीत 'ल' आला आणि आमचा गट अडला, तेव्हा तिनं तिथूनच एक लावणी सुरू केली. पूर्ण म्हटली. त्या दिवशी पाच वाजून गेले तरी कुणी उठलं नाही. फुगे मात्र शेवटी तिनंच उचलले. मी दोन उचलले, तर म्हणाली, "राहू द्या साहेब, माझी ड्युटी आहे."