नोकरी सांभाळून कारभाराचे शिक्षण

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यायोगे लोकशिक्षण व्हावे, हा त्याचा हेतू. परंतु कराचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाने कारभार शिकावा कोठे? वरिष्ठांचे दप्तर हीच त्याची शाळा! आजची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ साली मुंबईस निघाली आणि नगरकारभार ही शिकण्याची विद्या ठरली. तथापि वऱ्हाडातील मलकापुरास मुंबई दूर. आणि नोकरी सोडावी, तर घर कसे चालावे? १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नोकरी न सोडता पदवीचा मार्ग खुला झाला. कारकून रात्री जे वाचतो, त्याचे फळ सकाळी कचेरीच्या खिडकीशी ताटकळणाऱ्या नागरिकास मिळाले, तरच ते लोकशिक्षण सार्थ होय.