जनरल मोटर्स : शिवडी ते तळेगाव

मोटारी बनवणारी अमेरिकन कंपनी. विल्यम ड्युरंट याने 16 सप्टेंबर 1908 रोजी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी स्थापन केली. ब्यूक, कॅडिलॅक आणि शेव्हरले ही तिची गाजलेली नावे. पैकी शेव्हरले 1911 मध्ये स्वतंत्र निघाली आणि 1918 मध्ये या कंपनीत आली. महाराष्ट्रात जनरल मोटर्स दोनदा आली आणि दोनदा गेली. पहिला कारखाना मुंबईत शिवडीला (1928–54), दुसरा मावळात तळेगावला (2008–20). दोन्ही एकाच मुंबई-पुणे रस्त्याचे शेजारी, मध्ये खालापूर तालुका आणि बोरघाट. घाटाखाली उल्हासच्या खोऱ्यात कर्जत, कोंडिवडे, कोंडाणे. वर राजमाची, आणि राजमाची ओलांडली की मावळ. तळेगावचा कारखाना या खोऱ्याच्या डोंगरापलीकडचा, तरी त्या कंपनीच्या गाड्या इथे फिरल्या आणि अजूनही काही फिरतात. त्या किती टिकल्या आणि मालकांना त्यांचा काय अनुभव आला, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

शिवडीचा काळ : 1928 मध्ये शिवडीला सुरू झालेला कारखाना जोडणीचा होता. सुटे भाग खोक्यांतून बोटीने येत आणि इथे गाडी उभी राही. शेव्हरले मोटारी, ट्रक आणि बसचे सांगाडे असे तिन्ही माल तिथून निघत. फोर्डनेही त्याच सुमारास मुंबईत बस्तान बसवले होते. या दोन कंपन्यांनी मुंबई इलाख्याला मोटार दिली असे म्हणता येईल, मोटार बनवण्याची विद्या मात्र दिली नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याचा घाट घातला, तेव्हा दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी हात राखूनच बोलणी केली. पुढे वालचंद हिराचंद यांना क्रायस्लर या तिसऱ्या अमेरिकन कंपनीशी करार करावा लागला. त्यातून 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला.

जनरल मोटर्सचा महाराष्ट्राशी सर्वांत लोकाभिमुख संबंध बहुधा कोणाच्या ध्यानात नसतो. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली राज्य परिवहनची पहिली गाडी बेडफर्ड होती. बेडफर्ड हा इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल कंपनीचा ट्रक-बसचा छाप, आणि व्हॉक्सहॉल 1925 ते 2017 जनरल मोटर्सच्या मालकीची होती. लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या, तीस बैठका अशी ती बस होती. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेव्हरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर असे नाना छाप एकत्र होते. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही, म्हणजे आगाराच्या कार्यशाळेला किती छळ होत असेल याची कल्पना करावी. टिकाऊपणा नुसत्या इंजिनात नसतो. जवळच्या आगारात हवा तो सुटा भाग मिळतो की नाही, यावरही तो अवलंबून असतो, आणि एसटी पुढे मोजक्याच छापांवर आली ती याच अनुभवाने.

1953 मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की ज्या कंपन्यांकडे गाडी टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याचा आराखडा नाही, त्यांनी जोडणी बंद करावी. जनरल मोटर्सकडे तसा आराखडा नव्हता. 1954 मध्ये शिवडीची जोडणी थांबली. पुढे हिंदुस्थान मोटर्सशी तांत्रिक सहकार्य करून बेडफर्ड ट्रक इथे होत राहिले. मागे उरलेल्या अमेरिकन मोटारींचे भवितव्य गॅरेजवाल्यांच्या हाती गेले. पेट्रोल पिणारे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवायचे, न मिळणारा भाग लेथवर कातून घ्यायचा, हा उद्योग मुंबई-पुण्यात त्या काळात चांगला मुरला.

घाट : मुंबई-पुणे रस्त्याचा बोरघाट 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत गाडीवाटेसाठी खुला झाला. जुन्या रस्त्याने खोपोली सोडली की चढ लागतो. वाटेत शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे ठाणे, आणि ट्रकवाले आजही इथे नाणे टाकून पुढे जातात. चढताना कस लागतो तो रेडिएटर, क्लच आणि इंजिनाच्या ओढीचा, उतरताना ब्रेकचा. सगळा उतार ब्रेकवर काढला तर लायनर तापून पकड सुटते, करपल्याचा वास येतो आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून जाणता ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो आणि इंजिनाला गाडी धरून ठेवायला लावतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे शहाणे इथे वर्षानुवर्षे दऱ्या भरत आले आहेत. द्रुतगती मार्ग झाल्यावर चढ पुष्कळ सोपा झाला, तरी गाडीची पारख करायला या परिसरात अजून घाटच प्रमाण मानतात.

तवेरा : जनरल मोटर्सची दुसरी खेप 1994 मध्ये हिंदुस्थान मोटर्सशी भागीदारीने सुरू झाली. कारखाना गुजरातेत हालोलला होता आणि पहिली गाडी ओपेल ॲस्ट्रा 1996 मध्ये आली. भागीदाराचा हिस्सा विकत घेतल्यावर कंपनीने 2003 मध्ये शेव्हरले हे नाव इथल्या बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी तवेरा काढली. ती मुळात जपानी इसुझू कंपनीची पँथर, इंडोनेशियात नाव कमावलेली. वेगळी शिडीवजा चेसिस, मागे पाटे, पुढे टॉर्शन बार, मागच्या चाकांना ओढ आणि 80 अश्वशक्तीच्या आसपासचे 2.5 लिटरचे जुन्या घडणीचे डिझेल इंजिन. दिसायला ओबडधोबड आणि पळायला मंद. पण दहा माणसे बसत, टपावर सामान चढे, आणि वऱ्हाड, शाळेची सहल, कंपनीची रात्रपाळी यांना एकच गाडी पुरे.

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्यांत तवेराला मान मिळाला तो इंजिनामुळे. त्यात नाजूक इलेक्ट्रॉनिक कमी असल्याने बिघाड बहुधा नोझल, पंप, क्लच प्लेट, पाट्याचे बुश अशा रोजच्या ओळखीच्या जागी निघे, आणि ते काम तालुक्याच्या गॅरेजात होई. तिचा चालक इंजिनाविषयी क्वचितच कुरकुरतो. कुरकुरतो तो मागच्या बाकावरच्या आदळण्याविषयी, भरल्या गाडीत चढावर पडणाऱ्या एसीविषयी आणि पावसाळ्यात पत्र्याला धरणाऱ्या गंजाविषयी. कर्जत भागात सव्वातीन-साडेतीन हजार मिलिमीटरच्या पावसात आणि लाल चिखलाच्या रस्त्यांवर दाराच्या खालच्या कडा आधी जातात. शनिवार-रविवारी कोंडाण्याची लेणी पाहायला येणारा माणूस कोंडिवड्यापर्यंत गाडीने येतो आणि पुढे पायी निघतो. हा कच्चा-पक्का शेवटचा टप्पा उंच बुडाच्या गाड्यांना मानवतो. तवेरा तशी होती.

2013 चा घोटाळा : यंत्र इतके भरवशाचे असताना कंपनीचा कागदच खोटा निघाला. जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सने 2005 ते 2013 या काळात बनवलेल्या सुमारे 1 लाख 14 हजार तवेरा परत बोलावल्या. 2.5 लिटरच्या बीएस-3 गाड्यांत धुराच्या मापाचा दोष होता आणि 2.0 लिटरच्या बीएस-4 गाड्यांत मंजूर वैशिष्ट्यांशी विसंगती. त्या वेळी मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठरावीक शहरांत बीएस-4 आणि बाकी देशात बीएस-3 असे धुराचे दुहेरी नियम होते, म्हणून एकाच गाडीचे दोन प्रकार.

दोष अपघाताने राहून गेलेला नव्हता. बनून निघणाऱ्या गाड्यांतून नमुना उचलून त्याचा धूर मंजूर मापात आहे का, हे सरकारमान्य संस्था वेळोवेळी तपासतात. पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक. अशा तपासणीसाठी कंपनीच्या माणसांनी आधीच कमी धूर देणारी म्हणून निवडलेली इंजिने गाड्यांत बसवली आणि गाडीचे वजनही फिरवून दाखवले. सरकारने नेमलेल्या समितीने याला कंपनीने केलेली फसवणूक म्हटले. अमेरिकेतल्या मुख्यालयातल्या एका उपाध्यक्षासह वीसेक अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा जगभर गाजला तो 2015 मध्ये, म्हणजे याच्या दोन वर्षांनी. तवेराचे प्रकरण आपल्याकडेही अर्थविषयक पानांपलीकडे फारसे गेले नाही. गाडी सुरू होते, ओढते, डिझेल बेताचे खाते. नळीतून काय बाहेर पडते ते ड्रायव्हरला कळण्याचा मार्ग नव्हता आणि सर्व्हिस सेंटरच्या बोलावण्याला एक दिवसाचा धंदा बुडवून जाण्याचे त्याला कारण दिसेना.

आणखीही दुरुस्त्या निघाल्या. जुलै 2015 मध्ये रिमोट किल्लीच्या वायरिंगसाठी स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून सुमारे 1 लाख 55 हजार गाड्या, तर डिसेंबर 2015 मध्ये क्लच पेडलच्या लिव्हरसाठी 1 लाखाहून अधिक बीट डिझेल बोलावण्यात आल्या. बीट तळेगावला बनत असे. तिच्या डिझेल प्रकारात 936 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन होते. या दोन्ही दुरुस्त्या कंपनीने स्वतःहून जाहीर केल्या हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. भारतात तेव्हा सक्तीचा कायदाच नव्हता, वाहन उत्पादकांच्या संघटनेची 2012 ची ऐच्छिक संहिता होती. दोषी गाड्या परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने मिळाला. त्याच काळात अमेरिकेत या कंपनीवर फार मोठे संकट आले होते. इग्निशन स्विच चालत्या गाडीत आपोआप फिरून इंजिन आणि एअरबॅग बंद पडत. कंपनीत हा दोष दहाएक वर्षे माहीत होता. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत घेण्यात आल्या, आणि भरपाई निधीने 124 मृत्यू या दोषाचे म्हणून मान्य केले.

तळेगाव आणि निर्गमन : तळेगावचा कारखाना सप्टेंबर 2008 मध्ये सुरू झाला; वर्षाला 1 लाख 40 हजार गाड्यांची क्षमता, आधी स्पार्क, मग बीट. तो सुरू झाला आणि वर्षाच्या आत, 1 जून 2009 रोजी, मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. तिथल्या सरकारने ती सावरली. मग चिनी भागीदार आला, त्याच्या घडणीच्या सेल आणि एन्जॉय आल्या, भागीदाराचा हिस्सा पुन्हा कमी झाला. जुलै 2015 मध्ये प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली आणि 18 मे 2017 रोजी कंपनीने वर्षअखेरीस इथली विक्री बंद करत असल्याचे सांगितले. 2016–17 मध्ये कंपनीच्या गाड्या भारतात 26 हजारांच्या आत खपल्या होत्या, निर्यात मात्र 71 हजारांच्या घरात होती. हालोल बंद झाले. तळेगाव चालू राहिले ते मेक्सिकोसारख्या देशांसाठी. आपल्याकडच्या बीटमालकाला त्याच्या गाडीची भावंडे घाटावर बनताना आणि बंदराकडे जाताना पुढची तीन वर्षे दिसत राहिली. त्याला स्वतःला मात्र शोरूमला टाळे दिसले.

वॉरंटी पाळण्याचे आणि सुटे भाग पुरवण्याचे वचन कंपनीने दिले होते. व्यवहारात जुन्या गाडीची किंमत घोषणा झाली त्याच आठवड्यात घसरली, विमा काढताना आणि गाडी बदलताना मालकाला पडेल भाव घ्यावा लागला, आणि लहान शहरांतली सर्व्हिस केंद्रे एकेक करून दुसऱ्या कंपन्यांकडे गेली. यात तवेरा आणि बीट यांची गत वेगळी झाली. तवेराचे फिल्टर, लायनर, क्लच प्लेट बाजारात इतर कंपन्यांचे मिळतात आणि उरलेले भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीतल्या गाड्यांतून निघतात. बीट डिझेलच्या मालकाला इलेक्ट्रॉनिक भाग लागला की शोधाशोध करावी लागते, कारण तो लेथवर कातता येत नाही. जी गाडी मंद, जाड आणि जुनाट म्हणून शोरूममध्ये मागे पडली होती, ती कंपनी गेल्यावर सांभाळायला सोपी ठरली.

24 डिसेंबर 2020 रोजी तळेगावची शेवटची पाळी संपली. एप्रिल 2021 मध्ये 1,419 कामगारांना कमी करण्यात आले. त्यांच्या संघटनेने लढा कोर्टापर्यंत नेला. कारखाना घेण्याचा ग्रेट वॉल या चिनी कंपनीचा 2020 चा करार सरकारी परवानगीअभावी जून 2022 अखेर रद्द झाला. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला आणि 2024 च्या आरंभी कारखाना ताब्यात घेतला.

अजून चालणाऱ्या बऱ्याच तवेरा आता पंधरा वर्षांच्या पुढे किंवा त्या उंबरठ्यावर आहेत. खासगी पाटीच्या गाडीला तेव्हा नोंदणीचे नूतनीकरण लागते, आणि एप्रिल 2022 मध्ये त्याची फी 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाली. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस दाखवावा लागतो, आणि त्या तपासणीत धूरही मोजतात. जुनी तवेरा विकत घेणाऱ्याने चेसिस क्रमांकावरून 2013 ची दुरुस्ती झाली होती का हे विचारून घ्यावे, दारांच्या खालच्या कडा आणि मागचे पाटे पाहावेत, आणि सौदा करण्याआधी गाडी एकदा खोपोलीहून वर नेऊन त्याच गिअरमध्ये खाली आणावी.