छावणीची हॉकी, शहराची नोकरी

१९३३ साली कोलकात्यात बायटन चषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूला कलकत्ता कस्टम्स होता. सरकारी खात्याचा संघ, घरचे मैदान, खेळाडूंना पक्क्या नोकऱ्या. समोर होता झाशी हीरोज, एका लहान शहरातल्या पोरांचा संघ. कस्टम्सच्या आघाडीने झाशीच्या गोलवर हल्ल्यामागून हल्ले चढवले. तेवढ्यात झाशीच्या ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यावरून लांब पास टाकला, त्यांचा साथीदार इस्माईल वाऱ्यासारखा अर्धे मैदान धावत गेला आणि सामन्यातला एकमेव गोल झाला. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके मिळवलेल्या ध्यानचंदांनी पुढे आपला सर्वांत आवडता सामना म्हणून याच लढतीचे नाव घेतले.

झाशी हे छावणीचे गाव. खडकी, कामठी, बेळगाव आणि आपले छत्रपती संभाजीनगरही छावणीचेच. आपल्या देशात हॉकी मुख्यतः पलटणींबरोबर पसरली, आणि छावणीलगतच्या वस्त्यांमधली मुले शिपायांचा खेळ पाहतच शिकली. महागडा क्लब नाही, हिरवळ नाही. सपाट माळ आणि एक काठी पुरायची. १९६४ साली टोकियोत पाकिस्तानला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक परत मिळवले, त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोलमध्ये उभे असलेले शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान, आणि त्या पलटणीचे केंद्रही बेळगावातच. लहान गावांकडे खेळाडू नव्हते, असे म्हणायला इतिहासात जागाच नाही.

मग ही गावे मागे का पडली? उत्तर मुंबईत आहे. तिथे १८९६ साली आगाखान चषक सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या हॉकीवर पकड बसली ती नोकरी देणाऱ्या संघांची. टाटा, महिंद्र, रेल्वे, एअर इंडिया, बँका, कस्टम्स. संघात निवड म्हणजे महिन्याचा पगार, राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि पायात चांगले बूट. गावातल्या मंडळाकडे द्यायला काय होते? फार तर एक सत्कार आणि नारळ. मुलगा चमकला की दोन-तीन वर्षांत तो गेलेला असायचा. त्याला दोष देता येत नाही. घरच्या चुलीचा प्रश्न होता.

धनराज पिल्लेची गोष्ट याच वाटेवरची. १९६८ साली खडकीत जन्म, वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे, घरची ओढाताण. नवी स्टिक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून भावंडे मोडक्या काठ्या दोरीने आवळून, डिंकाने चिकटवून त्यांनीच खेळायची. अशी काठी हातात घेतली तर तिचा तोल बिघडलेला असतो आणि जोरात फटका मारला की सांधा मनगटाला झिणझिण्या आणतो. त्या काठीने ज्याने चेंडूवर ताबा मिळवला, त्याच्या हातात नवी काठी आल्यावर काय झाले ते जगाने पाहिले. मात्र त्यासाठी त्याला मुंबई गाठावी लागली. थोरला भाऊ रमेश आधीच तिकडे खेळत होता. धनराजला महिंद्रने घेतले, पुढे एका विमान कंपनीने. चार ऑलिंपिक, आणि १९९८ साली ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या संघाचे कर्णधारपद. त्याला घडवले खडकीने, पगार दिला मुंबईने.

नोकरीची ही दरी असतानाच खेळाखालची जमीनच बदलली. १९७५ साली क्वालालंपूरच्या गवतावर भारत विश्वविजेता झाला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा आला. मुरमावर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, म्हणून तिथला खेळाडू आधी चेंडू अडवायला शिकतो. कृत्रिम मैदानावर, म्हणजे टर्फवर, चेंडू सपाट आणि सुसाट येतो. अडवणे, वळणे, पास देणे हे एका झटक्यात व्हावे लागते. पेनल्टी कॉर्नरचा ड्रॅग-फ्लिक तर खडबडीत जमिनीवर घोटताच येत नाही. आणि टर्फ म्हणजे काही कोटींचा खर्च.

मराठवाड्यात त्यात पाण्याच्या प्रश्नाची भर पडते. मोठ्या सामन्यांसाठीचे टर्फ खेळाआधी भिजवावे लागते, त्याला हजारो लिटर पाणी लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जायकवाडी धरण जवळ असूनही संभाजीनगरच्या नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. अशा भागात मैदानावर पाणी मारायचे म्हटले तर नगरसेवकाला लोकांसमोर उभे राहणे कठीण. तिथल्या विद्यापीठ परिसरातल्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात हॉकी शिकवली जाते, ही मोठी जमेची बाजू. पण एका केंद्रावर सगळ्या विभागाने किती काळ भागवायचे?

मग लीगचा पैसा आला. हॉकी इंडिया लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात पुरुषांचे आठ संघ उतरले. प्रत्येकाला लिलावात खर्चायला सारखीच रक्कम, चार कोटी रुपये; सर्वांत महागडा खेळाडू हरमनप्रीत सिंग, ७८ लाखांना. रक्कम सारखी ठेवण्याचा नियम उत्तमच, श्रीमंत मालकाला सगळे तारे पळवता येत नाहीत. पण ही बरोबरी दाराच्या आतली आहे. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मुंबई मॅजिशियन्स २०१४ नंतर मिटला, आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात कलिंग लान्सर्सकडून हरलेला दबंग मुंबईही पुन्हा दिसला नाही. देशातले सर्वांत श्रीमंत शहर लीगमध्ये नव्हते, यावरून कळते की प्रश्न निव्वळ पैशाचा नाही.

ओडिशाकडे पाहावे. सुंदरगड हा आदिवासी जिल्हा, उद्योगपतींचे शहर नव्हे. तिथल्या सतराही विकास गटांत टर्फ टाकण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले, २०१८ पासून राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व घेतले, आणि २०२३ च्या विश्वचषकासाठी याच जिल्ह्यातल्या राउरकेलात सुमारे २० हजार आसनांचे स्टेडियम उभारले. हे महाराष्ट्राला अशक्य नाही. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात एक टर्फ, तेही कमी पाण्यावर चालणारे किंवा सांडपाणी शुद्ध करून भिजवता येणारे, आणि जिल्ह्याच्या संघातून खेळणाऱ्या मुलामुलींना त्याच जिल्ह्यात सरकारी नोकरी: एवढी मागणी इथल्या क्रीडा संघटनांनी आणि पालकांनी एकत्र येऊन लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी.