पथ्य कोणी मोडलं? जठराभोवतीच्या पट्ट्याची गोष्ट

वाळूचं घड्याळ डोळ्यासमोर आणा. वर एक फुगा, खाली एक फुगा आणि मध्ये चिमटलेली मान. वजन कमी करण्यासाठी जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा, म्हणजे गॅस्ट्रिक बँड, बसवायचा असेल तर डॉक्टर रुग्णाला साधारण असंच चित्र काढून दाखवत. वरचा फुगा म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला तयार झालेली छोटी पिशवी. तिच्यात मावणार जेमतेम १५ मिलिलीटर, म्हणजे तीन चमचे. ती भरली की पोट भरलं. मान अरुंद असल्यामुळे अन्न हळूहळू खाली झिरपणार आणि तोवर भूक लागणार नाही.

या चित्रातूनच खाण्यापिण्याचे नियम आले. घास छोटा घ्या, भरपूर चावा. जेवताना पाणी पिऊ नका आणि जेवणानंतरही थोडा वेळ थांबा, नाहीतर पिशवीतलं अन्न वाहून जाईल आणि लगेच भूक लागेल. चित्र सोपं आहे, चटकन पटतं. अडचण एवढीच की ते बरंचसं चुकीचं होतं. आणि त्या चुकीची किंमत मोजली ती रुग्णांनी.

आधी हा पट्टा आला कुठून ते बघू. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन हे सर्जन होते. अल्सरसाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचं वजन घटतं आणि पुन्हा वाढत नाही, हे तेव्हा दिसत होतं. त्यावरून मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. पण बायपास म्हणजे कापाकापी आणि नवी जोडणी. काही न कापता जठर नुसतं बाहेरून आवळलं तर? हा विचार पुढे आला आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी जठराभोवती जाळीची पट्टी बसवण्याचे प्रयोग झाले. ती पट्टी एकदा बसवली की बसली, नंतर सैल किंवा घट्ट करता येत नसे.

ती अडचण १९८० च्या दशकाच्या मध्यावर सुटली. स्वीडनमध्ये हॉलबर्ग आणि फोर्सेल, तर अमेरिकेत ल्युबोमिर कुझमाक यांनी वेगवेगळे पट्टे केले, पण कल्पना एकच: पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक पोकळ फुगा, त्याला नळी आणि नळीच्या टोकाला कातडीखाली एक छोटं पोर्ट. पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. पुढे इथिओपियात जन्मलेले बेल्जियन सर्जन मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ मध्ये बेल्जियममधल्या हुई गावी असा पट्टा पहिल्यांदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बसवला. अमेरिकेच्या एफडीएने लॅप-बँडला २००१ मध्ये परवानगी दिली आणि त्यानंतर तिथे पट्ट्याची लाट आली.

आता या गोष्टीतला माझा आवडता भाग. पट्टा भूक नेमकी कशी कमी करतो, हे मोजून बघायचं काम ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात झालं. पॉल ओब्रायन, जॉन डिक्सन आणि त्यांचे सहकारी यात होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच रुग्णांना दोन वेगवेगळ्या वेळी तपासलं: एकदा पट्टा योग्य भरलेला असताना आणि एकदा सैल केलेला असताना. आत्ता कोणती स्थिती आहे, हे रुग्णाला सांगितलेलं नव्हतं. पट्टा भरलेला असताना भूक कमी होती, आणि तीही नाश्त्याच्या आधीच! म्हणजे पिशवीत काहीही नसताना. मग ‘पिशवी भरली म्हणून पोट भरलं’ हे स्पष्टीकरण कसं टिकणार?

पुढे पॉल बर्टन, वेंडी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी अन्ननलिकेतला दाब मोजला आणि घासाचा प्रवास प्रत्यक्ष पाहिला. निरोगी माणसात अन्ननलिकेच्या एका लाटेत घास जठरात पोचतो. पट्टा असेल तर त्याच घासाला अशा अनेक लाटा लागतात. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे, असं करत तो मिनिटभरात पलीकडे जातो. पट्टा योग्य बसलेला असेल तर वर पिशवीत जवळपास काहीच साठून राहत नाही. म्हणजे वाळूच्या घड्याळातला वरचा फुगा बहुतेक वेळ रिकामाच असतो. पट्टा जठराच्या वरच्या भागावर हलका दाब ठेवतो, त्यातून घास जाताना तो दाब वाढतो, आणि तिथले मज्जातंतू मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देतात, असं या गटाचं म्हणणं आहे.

आता नियम पुन्हा वाचा. तेच नियम, पण अर्थ बदलतो. ‘एका घासाला बत्तीस वेळा चावा’ हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं. पट्टा असेल तर चावण्याइतकंच थांबणंही महत्त्वाचं: पहिला घास पलीकडे जाईपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. घाई केली की घास घासावर चढतो, छातीत दुखतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि खाल्लेलं परत येतं. मऊ पाव, चिकट भात, चिवट मांस यांचा त्रास जास्त, कारण त्यांचा गोळा होतो. जेवताना पाणी नको, याचं ‘अन्न वाहून जाईल’ हे कारण कच्चं पडतं, कारण वाहून जायला तिथे फारसं काही नसतंच. पण अडकलेल्या घासावर पाणी ओतलं तर ते उलटून वर येतं, हे मात्र खरं. साखरेच्या पेयांबद्दलची ताकीद तर आणखी पक्की होते. द्रव पट्ट्यातून सरळ निसटतो. मिल्कशेक पट्ट्याला कळतच नाही.

इथेच खरा मुद्दा येतो. वाळूच्या घड्याळावर विश्वास असलेल्या डॉक्टरला वजन घटत नाही असं दिसलं, की उपाय ठरलेला: मान अजून आवळा, सलाईन वाढवा. पट्टा जास्त घट्ट झाला की पोळी, भाजी, मांस काहीच उतरत नाही. मग माणूस खाणार काय? आईस्क्रीम, बिस्किटं, चॉकलेट, जे विरघळतं ते. वजन वाढतं. फाइलवर शेरा पडतो की रुग्ण पथ्य पाळत नाही. आणि पट्टा आणखी घट्ट होतो!

हा शेरा पट्ट्याहून जुना आहे. १९८७ मध्ये व्हर्जिनियातल्या हार्वी शुगरमन यांनी ४० रुग्णांवर बायपास आणि जठर आवळण्याची एक जुनी शस्त्रक्रिया यांची तुलना केली. जठर आवळलेल्यांपैकी गोडखाऊ रुग्णांचं वजन कमी घटलं. त्यातून ‘गोडखाऊंना पट्टा नको’ असा समज पसरला. २००२ मध्ये मेलबर्नच्या गटाने पट्टा बसवलेल्या रुग्णांची आकडेवारी तपासली, तेव्हा आधीच्या गोड खाण्यावरून निकालाचा अंदाज येत नाही असं दिसलं. काहीजण शस्त्रक्रियेनंतर गोडाकडे वळले, ते स्वभावामुळे की दुसरं काही गिळता येत नव्हतं म्हणून, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

तोवर लाट ओसरली होती. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये तिथल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ३५.४ टक्के पट्ट्याच्या होत्या. २०१६ मध्ये उरल्या ३.४ टक्के. पट्टा सरकणं, जठरात रुतणं, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं ही कारणं होतीच. शिवाय जठराचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया आली होती, आणि तिला सलाईन कमीजास्त करण्याची भानगड नाही.

पण ज्यांच्या पोटात पट्टा अजून आहे, त्यांच्यासाठी हा नुसता इतिहास नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल आणि ते जेवणाऐवजी आईस्क्रीमवर दिवस काढत असतील, तर त्यांना ‘मनावर ताबा ठेवा’ असं सांगण्याआधी एक विचारा: पोळी उतरते का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्यांना त्यांच्या सर्जनकडे पाठवा. पट्टा सैल करायला एक सुई पुरते.