तीन गोण्यांतून पाच गेल्या तर?

राहुरीच्या बाजारात एखाद्या आडत्याकडे कांद्याच्या ३ गोण्या शिल्लक आहेत आणि नजरचुकीने ५ गोण्यांची विक्री नोंदली गेली, तर संगणकाने शिल्लक किती दाखवावी? गोदामात उणे २ गोण्या असू शकत नाहीत. नैसर्गिक संख्यांना स्वतंत्र विदाप्रकार मानणाऱ्या फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या भाषांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

इटालियन गणितज्ञ ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८९ साली नैसर्गिक संख्यांची गृहीतके मांडली. त्यांची सुरुवात १ पासून होती. संगणकशास्त्रात ती बहुधा शून्यापासून करतात. अ‍ॅग्डा, इड्रिस, लीन या भाषांतील व्याख्या दोन कलमांची आहे : शून्य ही नैसर्गिक संख्या होय, आणि कोणत्याही नैसर्गिक संख्येच्या लगतची पुढची संख्याही नैसर्गिकच होय. बेरीज, गुणाकार याच दोन कलमांवरून रचले जातात आणि त्यांचे नियम गणिती विगमनाने सिद्ध होतात. अर्थात, हजार ही संख्या हजार पायऱ्यांनी साठवणे परवडणारे नसते. म्हणून यंत्राच्या आत या भाषा सामान्यतः द्विमान पद्धतीच वापरतात.

अडचण वजाबाकीची. लीनमध्ये ३ मधून ५ गेले की ० उरतो. सिद्धता लिहिताना हे सोयीचे असते. हिशेबात मात्र चूक दडून जाते, कारण त्या शून्यात पुन्हा ५ मिळवले तर ३ नव्हे, ५ येतात. हास्केलच्या पायाभूत संग्रहात २०१५ मध्ये आलेला नैसर्गिक संख्यांचा प्रकार अशा वेळी त्रुटी दाखवून काम थांबवतो. इड्रिससारख्या भाषेत तिसरा मार्गही आहे. वजा करायची संख्या मोठी नसल्याची सिद्धता आधीच मागता येते. ती नसेल तर प्रोग्रॅम तयारच होत नाही.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन व ऋण संख्यांचे नियम सांगितले. ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थ मराठीत आजही जिवंत आहे. आडत्याला गिऱ्हाइकाचे देणे मांडायचे असेल, तर उणे २ हे उत्तर योग्यच; तेथे पूर्णांक वापरावेत. गोदामातील गोण्या मोजायच्या असतील, तर नैसर्गिक संख्याच हव्यात. संख्या कशाची आहे, हे आधी ठरवले की विदाप्रकार आपोआप ठरतो.